काळ्या झबल्यावरचा हलवा

संक्रांत जवळ आली की आमच्या मुलुंडच्या इमारतीत जिन्याला वास सुटतो. तळमजल्यापासून गच्चीखालच्या मजल्यापर्यंत घराघरांत कढईत तीळ तडतडत असतात, आणि लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक माणूस तेवढ्यापुरता प्रेमळ झालेला असतो. वर्षभर पार्किंगवरून माझ्याशी अबोला धरणारे गृहस्थसुद्धा हातावर लाडू ठेवून ‘गोड बोला’ म्हणतात. मी लाडू घेतो, गोड हसतो, पुन्हा खाली उतरतो, लाडू कागदात गुंडाळून फाटकाजवळच्या डब्यात टाकतो आणि चोरासारखा वर येतो. दाराबाहेर बायकोने पाण्याची बादली आणि साबण ठेवलेला असतो. हात धुतल्याशिवाय मला घरात प्रवेश नाही. पन्नाशी उलटलेला, बऱ्यापैकी पोट सुटलेला माणूस स्वतःच्याच दारात वाकून कोपरापर्यंत हात धुतोय, हे पाहून शेजारच्या घरात माझ्याबद्दल काय बोलतात ते मी विचारलेलं नाही.

माझी नात चार वर्षांची आहे आणि तिला तीळ चालत नाहीत. ‘चालत नाहीत’ हे मराठी फारच मवाळ झालं. मला गवार चालत नाही, बायकोला माझे मित्र चालत नाहीत. नातीला तीळ चालत नाहीत म्हणजे तीळ पोटात गेला तर तिचा श्वास बंद होऊ शकतो.

हे आम्हाला कसं कळलं ते सांगायचं म्हणजे आधी माझी ओळख करून द्यायला हवी. आमच्या घरात कारणं सांगण्याचं खातं माझ्याकडे आहे. फ्यूज का उडाला, मामेभावाचं लग्न का मोडलं, यंदा आंबा आंबट का निघाला, कशाचंही कारण विचारा, मी देतो. सोबत एक गोष्टही देतो. कारण चुकीचं निघालं तरी गोष्ट बरी असते, म्हणून लोक ऐकून घेतात. मुलगी लहानपणी म्हणायची, ‘‘बाबा, तुम्हाला माहीत नसलेलं एक तरी सांगा ना.’’ तेव्हा मला ते कौतुक वाटायचं.

मुलगी बाळंतपणाला आमच्याकडे आली. तिचं सासर गोरेगावला, जावई एकुलता एक, आणि विहीणबाई म्हणजे सगळं जिथल्या तिथे लागणारी बाई. त्यामुळे आमच्या घरी काही कमी पडलं असं व्हायला नको म्हणून बायकोने कंबर कसली. मालिशवाली ठरवली. तेल मात्र त्या बाईचं नाही, आपलं. बाजारातल्या घाण्यावर बायको स्वतः उभी राहिली आणि डोळ्यांसमोर तिळाचं तेल काढून घेतलं. ‘‘कच्चं, ताजं, काही मिसळलेलं नाही. हाडं बळकट होतात,’’ असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. रोज सकाळी न्हाणीघरातून थापट्यांचा आवाज यायचा, मग नातीचं रडणं, मग मालिशवालीचं ‘‘झालं गं माझी बाय, झालं.’’

नातीच्या गालांवर लाल चट्टे होते. कोपराच्या आणि गुडघ्याच्या वळ्यांमध्येही होते. कातडी खरखरीत व्हायची, मधूनच फुटायची, त्यातून पाण्यासारखं काहीतरी यायचं. बायको म्हणाली उष्णता. मालिशवाली म्हणाली वार्‍याचं आहे. मी म्हटलं, माझ्या आजोबांनाही असंच होतं, आमच्या घराण्याची कातडीच नाजूक. (आजोबांना गजकर्ण होतं. पण गोष्टीत ते बसत नव्हतं.) कातडी कोरडी पडली की आम्ही तेल वाढवायचो. जास्त फुटली की आणखी वाढवायचो. बाळ तेलात न्हाऊन निघालं होतं, आणि सगळं घर तिळाच्या वासाने भरलेलं होतं. त्या वासाला मी तेव्हा माहेरपणाचा वास म्हणत असे.

ती पाच महिन्यांची असताना पहिली संक्रांत आली. बोरन्हाण गोरेगावला, विहीणबाईंकडे. आमच्याकडे लहान मुलाला काळं झबलं घालून, हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे असं सगळं ओततात. विहीणबाई हलवा विकत आणत नाहीत. त्या घरी करतात. मंद आचेवर परात, परातीत तीळ, आणि वरून पाकाचे थेंब. बोटांनी ते तीळ सतत फिरवत राहायचं. एकेका तिळावर साखर चढत जाते, आणि नीट जमलं तर त्याला पांढरे काटे येतात. त्यांच्या हलव्याला काटे येतात. गोरेगावच्या त्यांच्या सोसायटीत हे सर्वमान्य आहे. त्यांनी नातीसाठी मुकुट, हार, बांगड्या, कमरपट्टा असं सगळं ओवलं होतं. काळ्या झबल्यावर ते पांढरेशुभ्र दागिने इतके उठून दिसत होते की मी एक छोटंसं भाषणच केलं.

दागिने उतरवले तेव्हा गळ्याभोवती लाल वळ उमटलेले दिसले. मनगटांवरही होते, अगदी बांगडीच्या आकाराचे.

‘‘काटे टोचले,’’ मी कारण दिलं.

‘‘दृष्ट लागली,’’ विहीणबाईंनी त्यांचं दिलं, आणि मीठमोहऱ्या ओवाळून गॅसवर टाकल्या. मोहऱ्या खूप तडतडल्या. खूप दृष्ट होती म्हणे.

मग आलं वांगं. नात वर्षाची होत आली होती, मुलुंडला आली होती, आणि बायकोने भरली वांगी केली होती. दाण्याचं कूट, तीळ, खोबरं, सगळा मसाला वाटून भरलेली. मी बोटाला रस लावून नातीच्या जिभेवर टेकवला. तिचे ओठ सुजले. मग उलटी झाली, मग पोटावर गांध्या आल्या, आणि ती झोपून गेली. डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितलं, उतरलं. वांग्याने खाज येते हे कोणाला माहीत नाही? मी सभा भरवली, वांग्यावर खटला चालवला, आणि त्याच संध्याकाळी आमच्या दोन्ही घरांतून वांगं हद्दपार झालं. उरलेला मसाला मात्र चांगला झाला होता. बायकोने तो डबा भरून मुलीबरोबर गोरेगावला पाठवला.

जावई आमच्यापेक्षा शहाणा, म्हणजे शिकलेला. त्याचा वांग्यावर विश्वास बसला नाही. त्याने मोबाइलवरून रक्ताच्या तपासणीचं पॅकेज मागवलं. माणूस घरी आला, पोरीला रडवून रक्त घेऊन गेला, आणि रंगीत रिपोर्ट आला. लाल रंगात दूध होतं, गहू होता, अंडं होतं, शेंगदाणे होते, हरभरा होता. वांगं होतं का, तर नव्हतं. पॅकेजमध्ये कीवी होतं, जे आमच्या घरात कोणी कधी पाहिलेलं नाही. परदेशातले दोन-तीन मासे होते. तीळ नव्हते. त्या पॅकेजात ते तपासतच नसत.

लाल रंगाचं सगळं बंद झालं. दूध बंद, पोळी बंद, दाणे बंद. पोरगी भाताच्या पेजेवर आणि मुगाच्या पाण्यावर आली. तिचे गाल उतरले. कपडे सैल व्हायला लागले. विहीणबाई फोनवर हळूच विचारायच्या, ‘‘एवढंसं तूप घातलं तर?’’ आणि मुलगी त्यांच्या मागून ओरडायची, ‘‘आई, नाही!’’ आम्ही सगळे तिच्या तोंडावर पहारा देत होतो. तोंडात काय जातं यावर चार मोठ्या माणसांची नजर. त्या पहाऱ्याचा आम्हाला अभिमानसुद्धा वाटायला लागला होता.

दुसरं बोरन्हाण आलं तेव्हा ती दीड वर्षाची होती.

त्या दिवशी आम्ही काळजी तरी किती घेतली! शेंगा नाहीत. हरभऱ्याचे घाटे नाहीत. आलेल्या मुलांच्या आयांनी आणलेली चॉकलेटं दारातच काढून घेतली. ओतायला फक्त बोरं, चुरमुरे आणि उसाचे तुकडे. पेजेचा डबा वेगळा, चमचा वेगळा. कोणी भरवू नये म्हणून मी पाटाशेजारी उभा. विहीणबाई म्हणाल्या, ‘‘तुम्ही तर पोलिसासारखे उभे आहात हो.’’ मी छाती पुढे काढली.

आणि तिच्या अंगावर काळं झबलं, डोक्यावर मुकुट, गळ्यात हलव्याची माळ.

विहीणबाईंनी स्वतःच्या बोटांनी, एकेका तिळावर साखर चढवत ती केलेली. आत तीळ आहे हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, बायकोला माहीत होतं. पण तो दागिना होता. दागिना कोणी खातं का?

संध्याकाळी आम्ही मुलुंडला निघालो. मुलगी आणि नात दोन दिवस आमच्याकडे राहणार होत्या, जावई गाडी चालवत होता. मोठ्या रस्त्यावर गाड्या तुंबलेल्या, म्हणून त्याने गाडी आरेतून घातली. उन्हं गेली होती. झाडांखाली आधीच काळोख साठला होता, आणि तबेल्यांकडून ओल्या गवताचा, शेणाचा वास येत होता. मी पुढे बसलो होतो. आरेत शिरलं की माझी एक गोष्ट ठरलेली आहे: मी तरुण असताना इथे मित्राच्या स्कूटरवरून जाताना बिबट्या दिसला, ती. खरं म्हणजे दिसला नव्हता. ऐकू आला होता. बिबट्या लाकडावर करवत चालवल्यासारखा खोकतो. गोष्टीत त्या जागी आलो की मी तसा आवाज काढतो आणि नात खिदळते.

त्या दिवशीही मी आवाज काढला. आणि मागच्या सीटवरून तसाच आवाज आला.

आम्ही हसलो. चौघेही हसलो. ‘‘आबांची नक्कल करते बघ कशी!’’ बायको म्हणाली. मी पुन्हा खोकलो. मागून पुन्हा आला, जरा जास्त खरखरीत. मी खूश होऊन तिसऱ्यांदा खोकणार, तेवढ्यात मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, थांबा. ती नक्कल नाही करत.’’

‘‘गाडीचे धक्के लागताहेत,’’ मी म्हटलं, ‘‘इथे गतिरोधक किती आहेत. उलटी होईल तिला, खिडकी उघड.’’

उलटी झालीच. म्हणजे माझं कारण बरोबर निघालं. समोरून म्हशींचा कळप रस्ता ओलांडत होता, गाडी थांबली, जावयाने आतला दिवा लावला आणि मागे वळून बघितलं. मीही बघितलं. नातीचे डोळे सुजून बारीक झाले होते. ओठ तिचे वाटत नव्हते. गळ्यापासून वर लाल गांध्या चढत गेल्या होत्या. ती रडत होती, म्हणजे रडण्याचा प्रयत्न करत होती, पण आवाज तेवढा निघत नव्हता.

‘‘दात येताहेत ना, त्यामुळे...’’ मी सुरू केलं.

‘‘बाबा, गप्प बसा.’’

जावई मला कधी असं बोललेला नाही. त्याने हॉर्नवर हात ठेवला आणि उचललाच नाही. म्हशी आपल्या वेगाने जात होत्या. सगळ्यात मागची एक रस्त्याच्या मधोमध उभी राहून आमच्याकडे बघत राहिली. बायको मागे स्तोत्र पुटपुटत होती, आणि मुलगी एकसारखं म्हणत होती, ‘‘माझ्याकडे बघ. बाळा, इकडे बघ. झोपू नको.’’ पोर मान टाकायला लागली होती. गाडी पुन्हा सुटली. झाडं संपतच नव्हती. त्या रस्त्याने मी आयुष्यभर गेलोय, पण तो इतका लांब आहे हे मला माहीत नव्हतं. सांगायला माझ्याकडे एकही कारण उरलं नव्हतं, आणि गाडीत त्या खोकल्याशिवाय दुसरा आवाज नव्हता. मग तोही कमी कमी व्हायला लागला.

पवईच्या बाजूला बाहेर पडल्यावर जे पहिलं नर्सिंग होम दिसलं तिथे जावयाने गाडी पायरीला लावली. आत एक पोरसवदा डॉक्टर होता. त्याने नातीकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता मांडीत इंजेक्शन दिलं. मग ऑक्सिजन लावला. मग विचारलं, ‘‘काय खाल्लं हिने?’’

‘‘काही नाही,’’ आम्ही एका सुरात म्हणालो. वर बायकोने अभिमानाने जोडलं, ‘‘भाताची पेज. घरून नेलेली. वेगळ्या चमच्याने.’’

‘‘काहीतरी गेलंय पोटात.’’

‘‘अहो, शक्यच नाही! हे स्वतः शेजारी उभे होते.’’

मी शेजारी उभा होतो हे खरं होतं.

थोड्या वेळाने नात रडली. खणखणीत, सगळं नर्सिंग होम गोळा होईल असं भोकाड. इतकं सुंदर भोकाड मी ऐकलेलं नाही. मुलगी तिचं उलटीने भरलेलं झबलं काढायला लागली आणि मध्येच थांबली. गळ्यात हलव्याची माळ तशीच होती. निघण्याच्या घाईत काढायची राहिली होती. मागच्या बाजूला पांढरे काटे जागच्या जागी. पुढे, हनुवटीखाली, नुसता दोरा. ओला, चावून चोथा झालेला दोरा. दात येत होते ना तिला. ते कारण तेवढं बरोबर होतं.

मुलीने दोरा दातांनी तोडला, माळ कागदात गुंडाळली आणि स्वच्छतागृहात जाऊन कितीतरी वेळ तोंड धूत राहिली.

पुढे घाटकोपरच्या एका मोठ्या इस्पितळात मुलांच्या अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. साधारण माझ्याच वयाच्या, बुटक्या, बोलणं एक घाव दोन तुकडे. मला ‘आजोबा’ म्हणाल्या तेव्हाच माझा अर्धा आत्मविश्वास गेला. त्यांनी जावयाचा रंगीत रिपोर्ट पाहिला आणि बाजूला ठेवला.

‘‘यात रक्ताने काय काय ओळखलं ते आहे. ओळख असणं म्हणजे भांडण असणं नव्हे. दूध प्यायल्यावर हिला कधी काही झालंय?’’

‘‘नाही,’’ मुलगी म्हणाली.

‘‘मग बंद का केलं?’’

जावई खाली बघायला लागला. मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

‘‘आता मला पहिल्यापासून सांगा.’’

हे माझं काम. मी खुर्ची पुढे ओढली आणि सुरू केलं: घराण्याची नाजूक कातडी, उष्णता, वांगं...

‘‘आजोबा, एक मिनिट. कारण सांगू नका. काय झालं ते सांगा. फक्त काय झालं, आणि त्याच्या आधी काय झालं.’’

कारण काढून टाकून गोष्ट सांगायची म्हणजे मीठ काढून टाकून आमटी. पण सांगितली. गालावर चट्टे होते. बोरन्हाणाला वळ उठले. वांग्याचा रस जिभेला लावला, ओठ सुजले. माझी ती उघडीबोडकी गोष्ट ऐकताना मलाच थंडी वाजायला लागली. प्रत्येक वाक्यात तीळ होते. कोणी कधी पाहिले नाहीत, इतके समोर होते.

‘‘अंगाला काय लावायचात?’’

बायको या प्रश्नाची वाटच बघत असल्यासारखी सावरून बसली. ‘‘तिळाचं तेल. घाण्याचं, कच्चं. माझ्यासमोर काढलेलं.’’

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. शेजारी एक तरुण डॉक्टर मुलगी बसली होती, तिने वर बघितलं. त्यांच्या विभागात याच गोष्टीवर अभ्यास चालला होता: कोणत्या बाळांना हे होतं, आणि आधी काय घडलेलं असतं. नात त्यात सामील होईल का, असं त्यांनी नंतर आम्हाला विचारलंही.

‘‘पोटात गेलेल्या अन्नाशी शरीर बहुतेक वेळा जुळवून घ्यायला शिकतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण तेच जर आधी फुटलेल्या कातडीतून आत शिरलं, तर शरीर त्याला चोर समजण्याची शक्यता असते. मग पुढे तो पुढच्या दाराने, तोंडाने आला, तरी चोरच.’’

‘‘म्हणजे मी...’’ बायको म्हणाली.

‘‘आजी, आपल्याकडे किती घरांत बाळांना तेल लावतात. सगळ्यांना असं होत नाही. कातडी आधी फुटलेली होती, ती तुम्ही फोडली नाही. एकच कारण असतं तर मी केव्हाच दुकान बंद करून घरी बसले असते. आम्ही अजून शोधतोय.’’

त्या म्हणाल्या ते बायकोने ऐकलं, पण घेतलं नाही. ती आजही तेलाची बाटली हातात धरत नाही. केसांनासुद्धा लावत नाही.

नातीच्या हातावर थेंब ठेवून, बारीक टोचून तपासणी केली. मग थांबायचं. थोड्या वेळात एका थेंबाखाली डास चावल्यासारखी गांधी उठली आणि पसरायला लागली. बाकीचे थेंब गरीब बिचारे तसेच राहिले. दूध आणि गव्हाला तिथल्या तिथे माफी मिळाली. वांग्याच्या मसाल्यात कूट होतं, म्हणून दाण्यांसाठी मात्र दिवसभर इस्पितळात बसवून, आधी कणभर, मग चिमूटभर, असं करत खायला घातलं. प्रत्येक घासानंतर आम्ही चौघे तिच्या ओठांकडे बघत बसलो होतो, आणि ती आमच्याकडे, यांना झालंय काय अशा नजरेने. काही झालं नाही. दाणे सुटले. वांग्याचीही निर्दोष मुक्तता झाली. मी त्याची माफी मागितली. विळीवर असताना मागितली, पण मागितली.

तीळ उरले. आणि मग कळलं की ते कशात नाहीत? बायको गोडा मसाल्याचा डबा हातात घेऊन ओट्यापाशी उभी होती. ‘‘अहो, यातही आहेत.’’ तीस वर्षं त्या डब्यावर आमची आमटी चालली होती. भोगीच्या भाकरीवर, पावाच्या पाठीवर, चटणीत, चिक्कीत. जिथे तिथे ते बारीक पांढरे डोळे. इंजेक्शन देण्याची सामग्री एका कापडी बटव्यात कायम बरोबर ठेवायची, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं आणि शिकवलंही. आम्ही मोसंब्यावर सराव केला. माझा नेम असा चुकला की मोसंब्याऐवजी टेबलाला इंजेक्शन मिळालं. ‘‘टेबल वाचलं,’’ मुलगी म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी हसली.

दर वर्षी तपासणी होते. काही मुलांचं वयाबरोबर कमी होतं, असं त्यांनी सांगितलं होतं, त्यामुळे आम्ही दर वेळी आशेने जातो. या खेपेला हातावरची गांधी गेल्या वर्षीपेक्षा मोठी आली. डॉक्टरीणबाईंनी पट्टी लावून मोजली आणि ‘‘बघू पुढच्या वर्षी’’ म्हणाल्या. त्या फार बोलत नाहीत, त्यामुळे त्यांचं कमी बोलणं ओळखायला आम्ही शिकलो आहोत.

विहीणबाईंकडे संक्रांतीला हळदीकुंकवाला अख्खी सोसायटी येते, म्हणून त्या आठवड्यात नात आमच्याकडे असते. यंदा त्यांनी तिच्याबरोबर एक डबा पाठवला. उघडला तर आत हलव्याची माळ. ‘‘साबुदाण्यावर केलीय,’’ त्या फोनवर म्हणाल्या. ‘‘परात नवी, हात धुऊन. एकही तीळ नाही हो त्यात. तिचं शेवटचं बोरन्हाण.’’ काटे पूर्वीसारखेच सुरेख आले होते. मुलीने डबा बघितला, झाकण लावलं आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. माळ घातली का, असं विहीणबाईंनी विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही.

संक्रांतीच्या दिवशी मी नातीला घेऊन खाली झोपाळ्यावर गेलो होतो, बटवा घरातच राहिला होता. परत येताना लिफ्ट थांबली आणि वरच्या मजल्यावरच्या आजी आत आल्या. ऐंशीच्या पुढच्या, डोळ्यांना कमी दिसणाऱ्या, मायाळू. मी फोनवर कोणाला तरी शुभेच्छा देत होतो. गोड बोलत होतो. फोन खिशात टाकून खाली बघितलं तर नातीचा हात पुढे होता आणि तळहातावर तिळाचा लाडू.

‘‘गोड बोल हो बाळा,’’ आजी म्हणाल्या.

आम्ही तिला ‘नको’ म्हणायला शिकवलं आहे. घरात ती ते छान म्हणते. पण मोठ्या माणसाने हातावर तिळगूळ ठेवला तर नाकारायचा नसतो, हेही तिने आमच्याच घरातल्या मोठ्यांना बघून उचललं असणार. तिने हात अंगापासून जितका लांब नेता येईल तितका लांब नेला होता, जणू हातात निखारा आहे. तोंड घट्ट मिटलेलं. श्वाससुद्धा रोखलेला.

मी लाडू उचलला. दार उघडल्यावर तिला उचलून पळतच बादलीपर्यंत गेलो. ‘‘अगं, बटवा आण!’’ मी ओरडलो. बायको बटवा घेऊन आली, आणि मी दाराबाहेर बसून तिचा हात साबणाने धुवायला लागलो.

तळहात लाल होत होता. लाडवाएवढा, गोल.

‘‘तोंडाला लावलास?’’ मी विचारलं. ‘‘डोळे चोळलेस? घाबरलीस म्हणून लाल झालाय ना? का मी जोरात चोळतोय म्हणून? थंड पाण्याने पण...’’

‘‘आबा,’’ ती म्हणाली, ‘‘आजीने हातावर ठेवला. मी तोंडात नाही घातला. मग तुम्ही घेतला. मग हात खाजला.’’

इतकंच. डॉक्टरीणबाईंना हवी होती तशी गोष्ट.

बायकोने तिच्या ओठांकडे बघायला सुरुवात केली, मी मनगटाकडे. लाली मनगटाच्या रेषेपाशी आली होती. बटवा माझ्या मांडीवर होता आणि त्याची चेन मी आधीच उघडून ठेवली होती. शेजारच्या घरात कोणीतरी कढई चढवली. तीळ तडतडायला लागले. बायकोने उठून आमचं दार बाहेरून ओढून घेतलं, म्हणजे निदान घरात वास नको, आणि पुन्हा येऊन पायरीवर बसली.

‘‘बिबट्याची गोष्ट सांगा,’’ नात म्हणाली.

‘‘सांगतो,’’ मी म्हटलं. ‘‘आधी जरा बघू दे.’’